बिराजदार सरांची टाकी

बिराजदार सरांच्या गेममध्ये मी आमची आख्खी बिल्डिंग बुडवली. तीही पहिल्याच डावात.

काम तसं अवघड नव्हतं. एकाला दुसऱ्याची बाजू दिसू नये म्हणून लॅपटॉपच्या पडद्याच्या मधोमध सरांनी लग्नपत्रिकेचा पुठ्ठा उभा चिकटवला होता. पुठ्ठ्याच्या डावीकडं गच्चीवरची पाण्याची टाकी आणि तिच्याजवळ हिरवी इरकली साडी नेसलेली एक बाई. ती बाई म्हणजे मी. उजवीकडं तळमजल्यावरची मोटार आणि तिचं बटण, तिथं सर. टाकी भरत आली की मी हाक मारायची आणि सरांनी बटण दाबायचं. हाक खणखणीत नसेल तर बटण चालतच नाही, अशी लॅपटॉपला सक्त ताकीद देऊन ठेवलेली.

मी बँकेत नोकरी करतो. आवाज चढवायची जी काय थोडीफार सवय होती, ती लग्नानंतर गेली. टाकी काठोकाठ आली तेव्हा मी जरा खाकरलो आणि म्हणालो, "सर, बहुतेक भरली."

बटण हललं नाही. पाणी गच्चीवरून जिन्यात आलं, जिन्यातून पार्किंगमध्ये. माझी स्कूटर तरंगली. बायकोच्या कुरडया एकामागोमाग एक गेटबाहेर निघून गेल्या. सरांनी सगळं बारकाईनं चितारलं होतं.

"सुधीरराव," सर पुठ्ठ्याच्या पलीकडून म्हणाले, "ही काय हाक हाय व्हय? कर्ज नामंजूर झालं म्हनून सांगालाव जनू!"

हाक हा सरांचा जीव की प्राण. आमच्या जुळे सोलापूरच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर राहतात, मी दुसऱ्या मजल्यावर. माझ्या दाराला बेल आहे, तिला सरांचं बोट अजून लागलेलं नाही. "बेल कोन बी वाजवतंय. हाक वळखीचं माणूस मारतंय," हे त्यांचं म्हणणं. त्यामुळं ते गॅलरीखाली उभे राहून "ओ सुधीरराव!" असा आवाज देतात आणि समोरच्या बिल्डिंगमधले दुसरे एक सुधीररावही गॅलरीत येतात. एकदा असाच आवाज आला म्हणून मी दाढी अर्धी टाकून धावलो, तर सर खाली मोबाईल कानाला लावून उभे. "फोन उचला की! मी करालोय!"

सर मूळचे दुधनीचे. तिथल्या शाळेत त्यांनी जन्मभर विज्ञान शिकवलं. मराठी बोलता बोलता कानडीत शिरतात आणि परत येताना सांगत नाहीत. महादेवीकाकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, होत्या तेव्हा तर दोघांचं सगळं कानडीतच चालायचं. आम्हाला त्यातला एकच शब्द यायचा, आणि तो आख्ख्या बिल्डिंगला यायचा.

आमच्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी बिल्डिंगमध्ये लग्नघर असतं. हौद भरला की मोटार लावून पाणी गच्चीवर चढवायचं. सर खाली बटणाजवळ उभे, काकू वर टाकीपाशी. पाणी काठाला आलं की काकू कठड्यावरून वाकून ओरडायच्या, "साकु री!" बास झालं हो. सर बटण दाबायचे. मग काकू जिना उतरून खाली यायच्या आणि दोघं पायरीवर बसून चहा प्यायचे. या कामाला त्यांना कुणी नेमलं नव्हतं. आम्ही बाकीचे त्या 'साकु री'वर बादल्या सरकवायचो, डबे भरायचो. माझी मुलगी तर त्या हाकेवर शाळेला निघायची.

काकू गेल्या. टाकी दोनदा वाहिली. तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो, आणि सेक्रेटरीपदाच्या काळात माझ्या हातून झालेलं एकमेव विधायक काम म्हणजे मी टाकीला सेन्सर बसवला. टाकी भरली की मोटार आपोआप बंद. सरांचे हेलपाटे वाचले. नारळ मी त्यांच्याच हस्ते फोडला. सर म्हणाले, "झ्याक झालं की." पुढच्या पाण्याच्या दिवशीही ते मोटारीजवळ येऊन उभे राहिले, गच्चीकडं मान वर करून. मोटार गपकन बंद झाली. "सवय हो, दुसरं काय," असं मी शेजारच्यांना समजावून सांगितलं.

त्याच उन्हाळ्यात सर मुलांच्या कॉम्प्युटर शिबिरात जाऊन बसले. चौथी-पाचवीच्या पोरांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून. प्यायला पाणी हवं असलं तरी हात वर करायचे. महिन्याभरात त्यांना पडद्यावर माणूस चालवता येऊ लागला, मग जिना चढवता येऊ लागला, आणि मग हा गेम तयार झाला. तेवढ्यात एका कॉलेजात शैक्षणिक आणि समाजोपयोगी डिजिटल गेमची स्पर्धा जाहीर झाली, वयाची अट नाही. निवडलेले गेम शाळाशाळांतून देणार होते. सरांना तेवढंच हवं होतं. "पोरं हाका मारायला शिकतील की!" बक्षिसाचं त्यांनी एकदाही विचारलं नाही.

स्पर्धेला जोडीदार म्हणून मला नेलं. हॉलमध्ये चिडीचूप. कुणी अपूर्णांक शिकवत होतं, कुणी ओला-सुका कचरा वेगळा करत होतं, एका गेममध्ये भोंदूबाबाला पळवून लावायचं होतं. सगळे कानाला हेडफोन लावून. त्या शांततेत आमची पाळी आली. टाकी काठाला आली आणि मी, बुडालेली स्कूटर आठवून, बेंबीच्या देठापासून ओरडलो, "साकु री!"

भोंदूबाबाच्या टेबलावरचा मुलगा उडालाच. पण आमचं बटण चाललं. मोटार थांबली. पडद्यावरची बाई जिना उतरून खाली आली आणि दोघं पायरीवर चहा प्यायला बसली.

परीक्षकांत एक हसतमुख तरुणी होती. तिनं स्वतः दोन डाव खेळले, दोन्ही वेळा मनापासून ओरडली. मग विचारलं, "सर, फारच गोड आहे. पण पुढची लेव्हल?"

"ती खाली आली की. आनि काय पायजे?"

"बरं, राहू दे. एकच अडचण आहे. मुलं घरी एकेकटीच खेळतात. दुसरा माणूस कुठून आणणार? वरची हाक कॉम्प्युटरनंच मारली पाहिजे. एवढा बदल करून द्या, दुपारी तुम्हाला अंतिम फेरीत घेते."

बदल किरकोळ होता. ते मलासुद्धा कळत होतं. आवाज एकदा रेकॉर्ड करायचा आणि टाकी भरली की वाजवायचा. "सर, मी ओरडतो, तुम्ही भरून घ्या," मी कुजबुजलो. सर लॅपटॉपसमोर बसून राहिले. बोटं पुढं नेली, मागं घेतली. जेवणाची सुट्टी झाली, लोक वांग्याची भाजी वाढून घेऊ लागले, तरी सर जागचे हलेनात. शेवटी त्यांनी पुठ्ठा हळूच सोडवला, घडी करून पिशवीत ठेवला आणि उठून त्या मुलीकडं गेले.

"बाई, तुमचं खरं हाय. पन हाक मारनारं माणूस काढलं तर टाकी आनि मोटार ऱ्हाते. तेवढं घरी हाय की माझ्याकडं."

गेम बाद झाला.

येताना सर स्कूटरवर मागं पिशवी छातीशी धरून बसले. गेटपाशी उतरले, "लई तरास दिला तुमाला," म्हणाले आणि कुलूप काढून आत गेले.

मी वर आलो तो तणतणतच. बायको, वैशाली, गवार निवडत बसली होती. तिला सगळं सांगितलं. "एक आवाज भरायचा होता गं! पाच मिनिटांचं काम! शाळाशाळांत गेला असता गेम. हट्टी माणूस!"

तिनं गवार बाजूला ठेवली. "त्या बाईचं लुगडं कसलं म्हणालात?"

"इरकली. हिरवं."

"आणि ती खाली आल्यावर गेम संपतो?"

"हो ना. पायरीवर चहा पितात. ना गुण, ना काही."

वैशालीनं खिडकीतून खाली पायरीकडं बघितलं. मग म्हणाली, "उद्या पाण्याचा दिवस ना?"

"हो. आपल्याला काय, सेन्सर आहे."

"तुमच्या त्या सेन्सरची पिन मी सकाळी काढून ठेवणार आहे. सरांना सांगा, बिघडलाय, इतक्यात दुरुस्त होत नाही. तुम्ही गच्चीवर जायचं. आणि हाक नीट मारा. बिल्डिंग बुडाली तर कुरडया तुम्ही वेचून आणायच्या." तिनं गवारीचं ताट पुन्हा पुढं ओढलं. "आणि टाकी भरली की वरच मोबाईल बघत बसू नका. सरळ खाली या. मी पायरीवर दोन कप चहा आणून ठेवते."