हंगामी मामा

पळसुलेमामांसमोर बसून जेवणं ही शिक्षाच होती. तुम्ही घास उचललात की मामांचं तोंड उघडायचं. तुमचा हात तोंडाशी पोचेपर्यंत ते चांगलं मोठं उघडलेलं असायचं, आणि तुम्ही घास आत घातलात की त्यांचंही मिटायचं. त्यांना स्वतःला याचा पत्ता नसायचा. लोचो या सुरती न्याहारीच्या दुकानात ओळखीचे लोक त्यांच्याकडे पाठ करून खात. एकदा साहेब डबा खात असताना मामा सहीचे कागद घेऊन गेले. साहेबांनी घास उचलला, मामांनी आ केला. साहेबांना वाटलं, ह्याला काहीतरी बोलायचंय. "बोलो, पळसुले," ते म्हणाले. आता काहीतरी बोलणं भाग होतं, म्हणून मामांनी अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि काही कारण नसताना घरी येऊन पडून राहिले.

गोविंद शंकर पळसुले पाटबंधारे खात्यात कारकून होते. सुरत मुंबई राज्यात होती तेव्हा बदलीवर आले आणि राज्यं वेगळी झाली तरी इथंच राहिले. "सगळ्यांना नेलं, मला न्यायचं विसरले," असं म्हणायचे. नानपुऱ्यात आम्ही तळमजल्यावर राहायचो, त्याच इमारतीत माडीवरच्या एका खोलीत ते एकटे असत. लग्न केलेलं नव्हतं. अंगकाठी बारीक, वय पन्नाशीकडे झुकलेलं, शर्ट पांढरा आणि खिशात पेनाच्या शेजारी चांदीचा एक छोटा चमचा. पेन कधीकधी घरी राहायचं, चमचा कधीच नाही.

ह्या चमच्याला कारण होतं. आपल्याकडे बाळाच्या उष्टावणाला पहिला घास मामानं भरवायचा. पण नवऱ्याच्या नोकरीपायी सुरतेत येऊन पडलेल्या आम्हा बायकांची माहेरं लांब. भाऊ कुणाचा सोलापूरला, कुणाचा नागपूरला. त्यांना रजा मिळेपर्यंत बाळाला मिशा फुटायच्या. अशा अडलेल्या घरी पळसुले उभे राहत. माझ्या नवऱ्याच्या बँकेतल्या देशपांड्यांचा मुलगा, शाळेतल्या जोशीबाईंची जुळी, कतारगामला मागावर काम करणाऱ्या खानदेशी पाटलांची थोरली, सगळ्यांना पहिली खीर मामांनी चाटवलेली. "मी हंगामी मामा," ते सांगायचे. "कायम मामा रुजू होईपर्यंत कार्यभार माझ्याकडे." कायम मामा रुजू होऊन, चार दिवस राहून, परत गेले तरी हा कार्यभार सुटायचा नाही. भरवताना आपलंही तोंड उघडतं हे कुठल्याही आईला ठाऊक आहे. मामांनी इतकी पोरं भरवली होती की त्यांचं तोंड मोठ्या माणसांनाही सूट देईनासं झालं होतं.

मामांची दुसरी खासियत म्हणजे त्यांची ताई. ही ताई अकोल्याला असायची. तिला पाच मुलं, पाचही गुटगुटीत, आणि मूल भरवण्याच्या शास्त्रात तिचा शब्द शेवटचा. "आमची ताई म्हणते, खिरीत वेलदोडा नको, बाळाची जीभ लाडावते." "आमची ताई म्हणते, घास भरवताना घरात दुसरं कुणी बोलायचं नाही." चिऊकाऊच्या घासाला तर ताईची सक्त बंदी होती. "ताई म्हणते, मुलाला खोटं सांगून भरवू नये. ज्या घासावर खोटं बोललं, तो अंगी लागत नाही." ताईंचा पत्ता विचारला की मामा हात उडवून म्हणत, "अकोल्याला कुणालाही विचारा." दर भाऊबीजेला ते तिच्याकडे जात आणि येताना अकोल्याचा चिवडा आणून इमारतीत वाटत. आमच्या वरच्या मजल्यावरच्या सविताबेन, ज्यांना सुरतेबाहेरचं पाणीसुद्धा गोड लागत नसे, त्याही तो चिवडा खाऊन म्हणायच्या, "आवो तो अमारे सुरतमां मळे ज नहीं!" असा आमच्या सुरतेत मिळतच नाही म्हणे.

तापीला मोठा पूर आला, त्याच्या पुढच्या वर्षी आमची सुमी झाली. सातव्या महिन्यात उष्टावण काढलं. माझ्या भावाला, सुरेशला, नागपूरहून यायला जमेना, तेव्हा कार्यभार अर्थात मामांकडे गेला. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, चमचा गरम पाण्यातून काढला, खिरीचा थेंब मनगटावर टाकून पाहिला, आणि सुमीसमोर मांडी घालून म्हणाले, "मोढुं खोल, बेटा." बाळांशी ते गुजरातीत बोलायचे. सुरतेत जन्मलेल्या मुलाला आधी गुजरातीच कळणार, असं त्यांचं म्हणणं.

सुमीनं तोंड उघडलं. खीर आत गेली. मामांनी विजयी मुद्रेनं आमच्याकडे पाहिलं, आणि तेवढ्यात ती सगळी खीर परत आली ती थेट इस्त्रीच्या शर्टावर. दुसरा चमचा आला तेव्हा पोरीनं ओठ असे मिटले की विचारू नका. बायका तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मामांनी शर्ट पुसला. "कडक केस आहे," एवढंच म्हणाले.

मग कडक केस रोज सकाळी कचेरीच्या आधी आणि संध्याकाळी कचेरीनंतर सुनावणीला येऊ लागली. नाचणीचं सत्त्व झालं. तूप घातलेला मऊ भात झाला. वरणाचं पाणी, उकडलेलं रताळं, कुस्करलेलं केळं झालं. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ होतीच, तिच्यावर आता नाचणीचे शिंतोडे आले. सविताबेन जिन्यातून ओरडायच्या, "अरे भाई, छोकरीने मगनुं पाणी आपो! तमारी ताई तो अकोलामां बेठी छे, एने शुं खबर?" ताईचा अपमान मामांना सहन व्हायचा नाही. ते दोन दिवस सविताबेनशी बोलायचे नाहीत आणि तिसऱ्या दिवशी गुपचूप मुगाचं पाणी करायला सांगायचे. सुमी तेही थुंकायची.

शेवटी मामांनी प्रात्यक्षिक काढलं. "ताई म्हणते, मूल बघून शिकतं." वाटी घेऊन ते सुमीसमोर बसत, चमचा तिच्यापुढे धरत, तिनं मान फिरवली की तो आपल्याच तोंडात घालत आणि डोळे मिटून म्हणत, "आहाहा! सरस!" सुमी खदखदून हसायची. टाळ्या पिटायची. पुढचा चमचा कधी येतो त्याची वाट बघायची, पण तो मामांच्या तोंडात जाताना बघायला. महिन्याभरात मामांच्या गालांवर तुकतुकी आली. "मुलीचं वजन आहे तिथंच आहे," आमचे हे म्हणाले, "पण मामा मात्र बाळसं धरतायत."

ह्यांना सुचायची थट्टा. मला सुचत नव्हती. माझं दूध कमी होत चाललं होतं आणि वरचं दूध पोरगी नाइलाजानं घोटभर घ्यायची. पारशी डॉक्टरांनी वजनकाट्यावर ठेवली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बेन, आ छोकरीने हवे अनाज जोईए. एकला दूध पर नहीं चाले." घरी येऊन मी रडले. सासू नाही जवळ, आई नाही जवळ. मामा संध्याकाळी आले, तेव्हा मी म्हटलं, "मामा, तुमच्या ताईंना इकडे बोलवा हो. नाहीतर मी जाते अकोल्याला."

"ताईला वेळ कुठाय," मामा पुटपुटले आणि चमचा पुसत बसले.

दिवाळी आठवड्यावर आली आणि सुरेशचं कार्ड आलं. भाऊबीजेला येतोय, वाटेत अकोल्याला मित्राकडे उतरणार आहे. मला वाटलं, देवच पावला. मामा आल्याबरोबर मी सांगितलं, "सुरेशला तार करते. अकोल्यात कुणालाही विचारून तो तुमच्या ताईंकडे जाईल. जमलं तर त्यांना घेऊनच येईल!"

मी तेव्हा शंकरपाळं खात होते. पण मामांचं तोंड उघडलं नाही. घट्ट मिटलेलंच राहिलं. माझ्या आठवणीत असं पहिल्यांदाच झालं. ते उठले, चप्पल घातली आणि माडीवर निघून गेले.

दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. सुमी नुकती रांगायला लागली होती. सकाळ-संध्याकाळ ती उंबऱ्यापर्यंत जायची आणि जिन्याकडे बघत बसायची. जिन्यात पाऊल वाजलं की टाळ्या पिटायची. पाऊल दुसऱ्याच कुणाचं निघायचं. आता तर ती दूधही धड घेईना.

रविवारी सकाळी मी तिच्यासमोर मऊ भाताची वाटी ठेवून हताश बसले होते, आणि मामा दारात आले. दाढी वाढलेली. आत येऊन सुमीसमोर खाली बसले. चमचा खिशातून काढलाच नाही.

"वहिनी, भावाला म्हणावं अकोल्याला शोधत फिरू नको."

"का हो? ताईंना बरं नाही का?"

"ताई नाही."

"अगंबाई! कधी गेल्या?"

"गेली नाही. नव्हतीच."

मुलाला खोटं सांगून भरवू नये म्हणणारी बाई स्वतःच खोटी? "अहो, मग ते वेलदोड्याचं?"

"ते जोशीबाईंनी सांगितलेलं. घरात कुणी बोलू नये, हे पाटलीणबाईचं. मनगटावर थेंब टाकायचा, ते सविताबेनच्या सासूनं शिकवलं." मामा फरशीकडे बघत बोलत होते. "एका घरी ऐकायचं, दुसऱ्या घरी सांगायचं. मी म्हणतो म्हटलं तर कोण ऐकणार? एकटा, बिनलग्नाचा बाप्या. बाळंतिणीच्या घरात असल्या माणसाला उंबऱ्याच्या आत कोण घेतं, वहिनी? कुणाचा तरी भाऊ आहे म्हटलं की पाट मांडतात."

"आणि भाऊबीज?"

"इथं जवळच, डुमसला जायचो. समुद्रावर बसायचो दिवसभर, रात्री धर्मशाळेत."

"आणि तो चिवडा?"

"इथलाच, भागळच्या दुकानातला."

सविताबेनचं तोंड आठवून मला हसू फुटलं असतं, पण मामांकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी विरलं. "आईबापांना मी एकटाच," ते म्हणाले. "बहीण नाही त्याला मामा व्हायचा हक्कच नाही. आता येतो तुमचा खरा मामा. तो भरवेल हिला. माझ्याच्यानं काही ती जेवत नाही."

एवढं बोलून त्यांनी तोंड मिटून घेतलं. तेवढ्यात सुमीनं वाटीत हात घातला. अख्खा पंजा. मूठभर भात उचलला, निम्मा मांडीवर सांडला, आणि हात मामांच्या तोंडासमोर नेला. बरोबरच होतं तिचं. महिनाभर तिनं हेच तर पाहिलं होतं. वाटीतलं अन्न हे मामांच्या तोंडात जायचं असतं, हाच धडा तिला मामांनी घालून दिला होता, आणि गेले काही दिवस मामा उपाशी होते.

घास समोर आला आणि सवयीनं मामांचं तोंड उघडलं. सुमीनं भात आत कोंबला.

ते तोंड मी लग्नांच्या पंगतीत, जिन्यात, दुकानात किती वेळा उघडं पाहिलं होतं. त्यात कुणी घास घातलेला आजवर पाहिला नव्हता. मामा चावेनात, गिळेनात. तोंडात भात तसाच, आणि डोळ्यांतून पाणी गालांवर आलेलं. सुमी तोंडाकडे बघत वाट पाहत होती. 'आहाहा' अजून यायचं होतं.

"म्हणा ना हो मामा," मी म्हटलं.

"आहाहा," मामा म्हणाले. "सरस."

सुमीनं टाळ्या पिटल्या. मग भाताचा तो हात आपल्या तोंडात घातला. मी बघत राहिले. तिनं बोटं चाटली, पुन्हा वाटीत हात घातला, एक घास मामांना, एक स्वतःला. अर्धी वाटी संपली. थुंकली नाही. मी पदरात तोंड लपवून रडले, पण हे रडणं वेगळं होतं.

सुरेश आला तेव्हा सुमीनं त्यालाही आधी भरवलं. मामाला घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही, असाच तिचा समज झाला होता. भाऊबीजेला मी दोन पाट मांडले. मामा डुमसला जायला निघाले होते, त्यांची पिशवी ह्यांनी काढून घेतली. त्या वर्षी चिवडा आला नाही म्हणून सविताबेन मात्र बरेच दिवस कुरकुरत होत्या, आणि मामांनी त्यांना खरं काही सांगितलं नाही. तेवढं खोटं चालतं, असं आमचं दोघांचं ठरलं.

पुढच्या वर्षी कतारगामच्या पाटलांना दुसरी मुलगी झाली. तिच्या उष्टावणाला मामा निघाले आणि सुमीला घेऊन मीही गेले. मागांच्या खडखडाटात, एका खोलीच्या घरात, मामांनी मांडी घातली, खिशातून चमचा काढला आणि सुरुवात केली. "आमची ताई म्हणते, मूल दुसऱ्याला भरवायला लागलं की समजावं, ते जेवायला लागलं."

पाटलीणबाई मुलीला सावरत म्हणाल्या, "तुमनी ताई कोठे ऱ्हास, मामा?"

मी खाली पाहिलं. आता अकोला येणार.

मामा शांतपणे चमचा पुसत होते. "नानपुऱ्यात," ते म्हणाले. "आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर." मग माझ्याकडे वळून, जन्मभर तसंच म्हणत आल्यासारखं, म्हणाले, "ताई, खीर निवली का बघ गं जरा."

मी वाटीला बोट लावलं. खीर निवली होती. मी मान हलवली आणि वाटी मामांपुढे सरकवली.