बेटावरची भेट

ज्यांनी आयुष्यात स्वतःचा चहासुद्धा कधी केला नव्हता, ते बाबा शुक्रवारी पहाटे स्वयंपाकघरात गुपचूप भात शिजवत होते. ईश्वरीच्या संशयाला आता पुराव्याची गरज उरली नाही.

आई जाऊन इंग्रजी तारखेने अजून वर्षही झालं नव्हतं. आणि अबू धाबीत वीस वर्षं काढून एकदाही बोटीत न बसलेले राजन टिळेकर आठवडाभर सागरसफारीच्या ऑफिसातल्या कुणा मिल्ड्रेडशी फोनवर दबक्या आवाजात बोलत होते. "भेट नक्की होईल ना? नाहीतर एवढ्या लांब येण्यात काय अर्थ?" हे ईश्वरीने दाराआडून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. बाबांनी एकच तिकीट काढल्याचं कळताच तिने दुसरं काढलं.

मिल्ड्रेड बोटीवर होतीच. वसईची, हसरी, चाळिशीच्या आतबाहेरची. तिने बाबांना "अंकल" म्हणून हाक मारली, त्यातही ईश्वरीला चलाखी दिसली. बाबांच्या गळ्यात दुर्बिणीची पेटी होती. दुर्बीण त्यांच्या घरात कधीच नव्हती.

मिल्ड्रेडचा भाऊ जेराल्ड गाइड होता. म्हणजे घरचेही सामील. दूरच्या बेटांवर जीव कसे पोचतात ते तो रंगून सांगत होता: कुणी ओंडक्यावर बसून, कुणी वाऱ्यावर, कुणी पक्ष्याच्या पायाला चिकटून. मग हजारो वर्षांत चोच बदलते, रंग बदलतो, मूळचा प्राणी ओळखूसुद्धा येत नाही. शेवटी त्याने बजावलं, की बेटावर बाहेरचा अन्नाचा कणही न्यायचा नाही. बाबांनी पेटी छातीशी धरली.

बेटावर उतरल्यावर सगळे हरणं बघत होते. बाबा तेवढे आकाशाकडे बघत होते. थोड्या वेळाने ते खारफुटीच्या आड गेले, पाठोपाठ मिल्ड्रेड गेली, आणि तिच्या पाठोपाठ ईश्वरी.

बाबा वाळूत गुडघे टेकून बसले होते. दगडावर केळीचं पान, पानावर काळे तीळ घातलेला भाताचा गोळा. तळ करपल्याचा वास येत होता.

"आज तिथी आहे," ते मान वर न करता म्हणाले. "पुण्याला दहाव्याला कावळा शिवला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून लावला. मला ते वर्षभर खुपतंय गं. आपल्या बाल्कनीत नुसती कबुतरं. ही मिल्ड्रेड म्हणाली, इथे कावळे आहेत."

ईश्वरीने पायातल्या चपला काढल्या. तेवढ्यात जेराल्ड धावत आला. भात पाहून तो आधी संतापला, मग हकीकत ऐकून कानकोंडा झाला. "कावळे होते, अंकल. आपल्याकडूनच जहाजांवर बसून आले, इथल्या पक्ष्यांची अंडी खायला लागले. दोन वर्षांपूर्वी सगळे खलास केले. हिला कोणी सांगितलंच नाही."

मिल्ड्रेडने डोळ्यांना रुमाल लावला. बाबा मात्र उठले नाहीत. त्यांनी हात जोडून रिकाम्या आकाशाला सांगितलं, की गोळ्या वेळेवर घेईन. काही आलं नाही. सिगारेट सोडेन. त्यावरही नाही. तू खोकल्याने आजारी होतीस तेव्हा मी साइटवर होतो, ते चुकलंच. एक पान हललं, तेवढंच.

ईश्वरी त्यांच्या शेजारी वाळूत बसली. "आई," ती हळूच म्हणाली, "यापुढे मी बाबांवर पाळत ठेवणार नाही."

वरून झपकन एक पांढरा समुद्रपक्षी उतरला, अर्धा गोळा चोचीत धरून उडून गेला.

मग बाबांनी गुडघ्यांवरची वाळू झटकली. त्यांचा चेहरा वर्षभरात पहिल्यांदाच सैल झाला होता.

"बघितलंस, जेराल्ड? तू म्हणालास तेच. बेटावर आला की कावळासुद्धा ओळखू येत नाही."

"अंकल, तो सीगल..." बहिणीचं कोपर लागल्यावर जेराल्डने सूर बदलला. "म्हणजे, असं बदलायला हजारो वर्षं लागतात."

"आमच्या हिला एक पुरलं," बाबा म्हणाले, आणि रिकामी पेटी त्यांनी ईश्वरीच्या गळ्यात घातली.