बॅगी म्हणजे किती

सोमवारपासून ऑफिसात बॅगी कपडे चालणार नाहीत, घातल्यास हजेरी लागणार नाही, असा कागद फळ्यावर लागला आणि सगळे जावक कारकुनांच्या विजारीकडे बघू लागले. बायको गेल्यापासून ते वाळून निम्मे झाले होते. तिनं शिवलेल्या विजारी मात्र होत्या तेवढ्याच होत्या.

कारकून साहेबांकडे गेले. "साहेब, बॅगी म्हणजे नक्की किती?"

साहेबांनाही ठाऊक नव्हतं. टायपिस्ट बाईंनी शब्दकोश काढला. "मूळ शब्द बॅग, म्हणजे पिशवी. पिशवीसारखं लोंबणारं ते बॅगी."

"पिशवी म्हणजे जिच्यात सामान मावतं ती," साहेब म्हणाले. "फायली आणा."

नियम दाखवायला आधी साहेब स्वतः उभे राहिले. त्यांच्या कमरेत कोरा कागदसुद्धा शिरेना. कारकुनांच्या विजारीत सात फायली गेल्या, वर पंचिंग मशीन.

"अजून जागा आहे," बाई म्हणाल्या.

"फिटिंग करून आणा," साहेब म्हणाले.

शिंप्यानं विजार उलटी करून पाहिली. "सगळी उसवावी लागेल. कुणी शिवलीय?"

"आमच्या मंडळींनी."

"टाका चांगला आहे. उसवू ना?"

"राहू द्या," कारकून म्हणाले आणि विजार घडी करून घरी घेऊन गेले.

सोमवारी ते सगळ्यांच्या आधी आले. रेकॉर्ड रूममधून बाहेर पडले ते फार हळू, पावलागणिक करकरत. बाईंनी कमरेत कागद घालून पाहिला. जाईना.

"आत काय आहे?"

"निकाली फायली. दहा वर्षांत कुणी मागितल्या नाहीत अशा निवडून घेतल्यात."

साहेबांनीही कागद घालून पाहिला आणि हजेरी लावली. कारकून नियमात बसले, पण खुर्चीत बसता येईना. कपाटाला टेकून, उभ्यानंच त्यांनी जावक लिहायला घेतली.

अकराच्या सुमाराला साहेब घाईनं बाहेर आले. "वरून फोन आलाय. जुन्या पाण्याच्या टाकीची फाईल कुठंय?"

"डाव्या मांडीवर, साहेब."

"काढा."

"काढली की ढिली होणार. मग माझी हजेरी?"

साहेबांनी फळ्यावरच्या कागदाकडे पाहिलं. खाली सही त्यांचीच होती. ते केबिनमध्ये गेले आणि आजचं वर्तमानपत्र चार घड्या घालून घेऊन आले.

"तिथं हे घाला. जाडी जुळते का बघा," ते म्हणाले. "आणि जेवायच्या सुट्टीत परत द्या. शब्दकोडं राहिलंय."