इंजनरावांचे दाढेची मोहीम

विश्वस्त मंडळ, मुक्या जनावरांचे कैवारी, चहा-बिस्किटांसह सभा भरविणारे, यांचे चरणी दवाखान्याचे कारकुनाचा दंडवत. वार्षिक सभेत हुजूरचा सवाल जाहला की, एका गाढवाची एक दाढ काढावयास अख्खा दवाखाना, अर्धा बाजार आणि दिवसभराची वेळ कैसी खर्ची पडली, याचा खुलासा लेखी द्यावा. त्यास, घडले ते घडले तैसे लिहितो, पदरचे तिखट-मीठ लावीत नाही. जेथे लावले तेथे गरज होती म्हणून लावले.

शेलूबाजारी हमरस्त्याचे बगलेस संस्थेचा दवाखाना, आणि त्या दवाखान्याचे तख्तावर श्वानकुलप्रतिपालक, मार्जारगर्वहरण, उन्मत्तवळूमानमर्दन, खाशा डॉक्टर धम्मदीपाबाई, वतन मेडशी, विराजमान असत. त्यांचे उजवे हातास किशन कंपाउंडर, जो मोठा शूर खरा, परंतु आज सांगितलेले काम उद्याचे मुहूर्तावर करणारा. ऐसी एकूण फौज. सोयाबीनचा हंगाम आटोपून तुरी फुलावर आल्या होत्या, तेव्हा सकाळचे प्रहरी इंझोरीहून एक टेम्पो आला आणि त्यातून चतुराबाई उतरली, आणि तिचे मागून फळीवरून जपून पावले टाकीत, गर्दभकुलावतंस, वीटभट्टीचे आधारस्तंभ, श्रीमंत इंजनराव उतरले.

इंजन हे नाव का पडले म्हणाल, तर या गाढवाचा आवाज. तो ओरडला म्हणजे शिवारातील माणूस समजे की रेल्वे आली, जरी त्या गावास रेल्वे नाही. परंतु आता इंजनराव खालमानेने उभे, गालास सूज, तोंडास लाळ, बरगड्या मोजून घ्याव्या ऐशा. चतुराबाई म्हातारी, जन्म भट्टीवर माती वाहण्यात गेला, आणि कानाने तर पार गेलेली. डॉक्टरबाईंनी विचारले ते तिजपर्यंत पोचले नाही, परंतु काय विचारले असेल हे तिने जाणले आणि गाढवाचे मानेवर हात ठेवून बोलली.

"पोरी, सारी दुनिया मले मुकी झाली. एका याचाच आवाज येते कानात. दसऱ्यापासून हा बी मुका झाला."

हे ऐकून डॉक्टरबाईंनी बत्ती घेऊन इंजनरावांचे मुखात पाहणी केली, तो मागील बाजूस एक दाढ कुजून, हिरडीत मोर्चे बांधून, आसपासचा मुलूख पुवाने व्यापून बसलेली. तिचे भयाने गाढव चावत नव्हते, चावत नव्हते म्हणून खात नव्हते, आणि आणखी काही दिवस ऐसेच चालते तर गाढव उरते ना. तत्क्षणी फर्मान सुटले की, दाढ आजच पाडावी. म्हातारीस आपल्याच गालावर बोट ठेवून आणि मूठ ओढून दाखविले, तेव्हा ती समजली आणि मान हलवती झाली.

आता गाढवास भूल देणे आले, आणि भूल वजनाप्रमाणे द्यावी लागते. किशन कंपाउंडराने मसलत दिली की, मॅडम, अंदाजाने द्यावी. यावर डॉक्टरबाईंनी ऐसी नजर टाकली की त्याने ती मसलत तेथेच गिळली. जनावराचे छातीस गुंडाळून वजन काढावयाची फीत दवाखान्यात होती, परंतु आदले आठवड्यात हाड मोडून दाखल जाहलेल्या बोकडाने ती खाल्ली, आणि तो बोकड बरा होऊन घरी गेला. कुत्र्यांचे काट्यावर इंजनरावांचा एकच पाय मावे. तेव्हा दौलतराव काटेवाल्यांकडे जावे ऐसे ठरले.

दौलतराव म्हणजे सोयाबीन-तुरीचे मोठे पारखी. दाणा दातांत धरून त्याची ओल सांगणार, मूठभर मालात किती माती हे डोळे मिटून सांगणार. त्यांचे काट्यावरून आजवर कोणाचा माल वाढून उतरला ऐसे ऐकिवात नाही. पोत्यांचे काट्यावर इंजनरावांस चढविले. दौलतरावांनी लाल आकडे पाहिले, गाढवाचे पाठीवर हात फिरविला, तो हात ओला जाहला, कारण डॉक्टरकडे जावयाचे म्हणून चतुराबाईने पहाटेच त्यास साबण लावून न्हाऊ घातले होते आणि अंगावर ओले पोते पांघरले होते. मग दौलतराव क्षणभर पुटपुटले आणि खणखणीत आवाजात वजन पुकारते जाहले. किशनने ते ऐकले तैसे तळहातावर लिहिले, आणि फौज परत फिरली.

मग रण मांडले. कडुनिंबाखाली इंजनरावांस दोरांनी दोहों बाजूंस बांधले, सुई दिली, आणि थोड्याच वेळात मान झुकली, ओठ लोंबला, डोळे मिटले. तोंड उघडे राहावे म्हणून लोखंडी सांगाडा जबड्यास कसला, डॉक्टरबाईंनी पक्कड उचलली, बाह्या सावरल्या, आणि हा सेवक सर्व बाजूंनी नीट दिसावे म्हणून दवाखान्याचे गच्चीवर गेला. दाढेस पक्कड लागली मात्र, तो काय सांगावे, पुढील गाढव निजले होते आणि मागील गाढव जागे होते. मागील दोन्ही पाय एकदम उडाले, त्यातील एक किशन कंपाउंडराचे मांडीस लागून तो पाण्याचे टाक्यात बसला, दोर तुटले, आणि इंजनराव लोखंडी सांगाड्याने आ वासून, अर्धे डोळे मिटून, पुढचे पायांनी अडखळत आणि मागचे पायांनी पळत बाजारावर चालून गेले.

पुढील हाहाकार काय वर्णावा. प्रवासी भरणाऱ्या जीपा थबकल्या, चहावाल्याने पातेले उचलून छातीशी धरले, मिरच्यांचे ढीग लवंडले, आणि एवढा जबडा पाहून लोक म्हणते जाहले की गाढव माणसे गिळाया निघाले. मागून डॉक्टरबाई पक्कड घेऊन, त्यांचे मागे किशन भिजलेला आणि लंगडत, आणि सर्वांचे मागे चतुराबाई. तिला गलबल्यातील एक अक्षर ऐकू येत नव्हते आणि गाढव दृष्टीआड गेले होते. ती बिचारी ज्याला त्याला हाताने दोन कान करून दाखवी आणि लोक बोट करतील तिकडे वळे. गच्चीवरून ते पाहवले नाही, म्हणून हा सेवक खाली उतरला आणि तिचा हात धरून चालला.

इंजनराव गेले कोठे, तर दौलतरावांचे आवारात. तेथे सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, रचले होते, त्याचा वास पोटातील भुकेने ओळखला असावा. परंतु उघडा जबडा मिटेना, कुटार खाता येईना, आणि गाढव थकून आपणहून सकाळचेच काट्यावर चढले आणि थरथरत उभे राहिले. डॉक्टरबाई धापा टाकीत आल्या, तो समोर लाल आकडे पेटलेले. त्यांनी किशनचा हात ओढून तळहात पाहिला. टाक्याचे पाण्याने अक्षर फिकटले होते, परंतु वाचता येत होते.

"काका," त्या बोलल्या, "सकाळी तुमी लय कमी सांगतलं होतं. तेवढ्यात गाढव वाढलं काय?"

दौलतराव शांतपणे म्हणाले, "वाढते कायचं बाई. अंगात ओल होती, त्याची कटती केली म्या."

मग खोदून विचारता कबुलीजबाब आला की, ओलीची एक कटती, म्हणजे वजनातून वजावट, अंगावरील मातीची दुसरी, आणि पाठीवरील पोत्याची बारदान म्हणून तिसरी. आयुष्यभर काट्यावर जे चढले त्याची कटती केली, गाढव चढले म्हणून हात कैसा थांबावा. तेव्हा सर्वांस उलगडले की भूल पाऊण गाढवाची पडली, आणि पाव गाढव जागे राहून त्याने बाजार लुटला. हमाल हसू लागले, किशन मांडी चोळीत दौलतरावांकडे ऐसा पाहू लागला की जणू त्यासच पक्कड लावतो. परंतु दौलतरावांनी चतुराबाईस पाहिले. ती गाढवाचे गळ्यास मिठी घालून, लोखंडात अडकलेल्या त्या तोंडावरून पदर फिरवीत होती. ते उठले आणि इंजनरावांचा कान स्वतः धरून उभे राहिले.

डॉक्टरबाईंनी दवाखान्यातून सुई आणविली आणि राहिलेले पाव गाढवही निजविले. हमालांनी दोहों अंगांनी भिंती होऊन आधार दिला. मग पक्कड बसली, आणि डॉक्टरबाई दाढ डावीकडे हलवीत, उजवीकडे हलवीत, घाम पुसावयासही न थांबता लढल्या, आणि हिरडीतून चिखलातून बूट निघावा ऐसा आवाज होऊन ती गनीम दाढ समूळ बाहेर आली. दौलतरावांनी ती हातात घेतली, सवयीने झटकली, आणि काट्याकडे पाहिले, तो डॉक्टरबाईंनी त्यांचे हातून काढून घेतली.

मग जबड्याचा लोखंडी सांगाडा काढून सर्वजण वाट पाहत बसले. बाजार उठावयाची वेळ आली तरी कोणी उठेना. उन्हे कलती जाहली तेव्हा इंजनरावांनी डोळे उघडले, जीभ फिरवून दाढेची मोकळी जागा तपासली आणि डॉक्टरबाईंनी मान हलविताच कुटारात तोंड घातले. चावण्याचा आवाज साऱ्या आवाराने ऐकला, एका चतुराबाईने नाही. ती कुटाराशेजारी पाठ टेकून, दिवसभराचे दमणुकीने पेंगत होती.

आणि पोट भरल्यावर इंजनरावांनी मान उंच केली आणि ओरडले. पत्र्यावरील कबुतरे उडाली, हमालांनी कानांवर हात ठेवले, रस्त्यावरील एसटीने उगाच ब्रेक मारला. चतुराबाई दचकून जागी जाहली. तिने गाढवाकडे पाहिले, डोळे पुसले, आणि त्याचे सुजलेले गालास हळूच चापट मारून म्हणाली,

"कायले वरडून राह्यला रे एवढा? मी का बहिरी आहो?"

हेच वचन फत्ते म्हणून दफ्तरी दाखल करावे, आणि सभेने आपला सवाल मागे घ्यावा.