विमान नसलेलं इंजिन

आमच्या शेजारच्या भगवानतात्यांकडे विमानाचं इंजिन आहे, विमान नाही.

तात्या मूळचे सणसरचे, बारामतीच्या एका कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथल्या विद्यार्थ्यांनी केलेलं रिमोटवरचं छोटं विमान पहिल्याच उड्डाणात उसाच्या फडात कोसळलं. इंजिन तेवढं वाचलं. ते त्यांनी तात्यांना निवृत्तीची भेट म्हणून दिलं. लिंबाएवढं ते इंजिन तात्यांनी अंगणातल्या फळीवर बोल्टांनी आवळून टाकलंय. रोज संध्याकाळी पाचला ते सुरू होतं. इंधनात एरंडेल असल्यामुळे माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यांनासुद्धा जुलाबाच्या औषधासारखा वास येतो. नातवंडांनो, "आजी, मागे कोण किंचाळतंय?" असं तुम्ही फोनवर विचारायचात, ते हेच.

त्याच्या कार्बोरेटरला एक सुई असते. ती उघडली की इंधन वाढतं, इंजिन घोगरं होतं आणि धूर सोडतं. मिटत नेली की आवाज चढतो. सगळ्यात चढा आवाज लागला की तुम्ही-आम्ही थांबलो असतो. तात्या तिथून सुई पाव फेरा मागे घेतात.

"जमिनीवर येवढं ताणलं तर वर गेल्यावर तापून बंद पडतं, बाई."

वर कुठे जाणार, हे मी विचारलं नाही.

'पाव फेरा मागं' हा त्यांचा सगळ्यावरचा उपाय. मी मेथीच्या जुडीवरून भाजीवालीशी वाद घालत होते, तर कुंपणावरून म्हणाले, "बाई, पाव फेरा मागं." डॉक्टरांनी रक्तदाबाची गोळी वाढवली, तर त्यांनाही तेच सांगून आले.

सुईला हात लावला की दर वेळी ते वळून खिडकीकडे बघायचे. खिडकीशी मालनताईंची खाट आहे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. आवाजानं बायको चिडली का, हे तात्या बघत असावेत, असा माझा समज.

जन्मभर इंग्रजी शिकवल्यामुळे मला चूक दिसली की लाल खूण केल्याशिवाय राहवत नाही. सुई लावायला रोज चाळीस मिनिटं, तीही तुमच्या फोनच्या वेळेत! एका संध्याकाळी इंजिन नीट लागलं आणि ते बंद करून तात्या चहा करायला आत गेले. मी सुनेचं राहिलेलं नेलपॉलिश घेऊन कुंपण ओलांडलं. एक ठिपका सुईवर, एक तिच्याशेजारी. उद्या ठिपक्याला ठिपका जुळवला की काम संपलं.

दुसऱ्या दिवशी तीच चाळीस मिनिटं. तिसऱ्या दिवशी मी जाऊन पाहिलं, तर ठिपके पुसलेले.

"खूण तुमीच केलती न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"हो. तुमचा वेळ वाचेल म्हणून."

"वाचवून काय करू?"

त्यांनी फडक्याला हात पुसले.

"माझा कान गेलाय, बाई. बोलणं कळतं, पर ह्याचा बारीक आवाज येत न्हाय. हिच्या बापाची पिठाची गिरणी व्हती. इंजिन कुठं अडतंय, हिला लहानपणापासनं कळतं."

त्यांनी इंजिन सुरू केलं. खिडकीत मालनताईंचा डावा हात वर आला. एक बोट गोल फिरलं. तात्यांनी सुई मिटली. बोट उलटं फिरलं, तात्यांनी उघडली. मला दोन्ही आवाज सारखेच वाटले. बऱ्याच वेळानं पंजा उघडला, म्हणजे आता बस.

"पाव फेरा मागं?" तात्या ओरडले.

मालनताईंनी मान डोलावली.

इंजिन बंद करून तात्यांनी त्यांना चहा पाजला. मग बाहेर येऊन त्यांनी नीट लागलेली सुई दोन फेरे उघडून बिघडवून ठेवली.

"आता हे कशाला?" मी विचारलं.

"मग उद्या तिनं काय करायचं?"

पाचचा फोन मी सहावर का नेला, हे तुम्ही विचारलं होतं. म्हणून लिहिलं.