रजेवरचे डॉक्टर

"ऑडिट हिशेबाचं करतात, हाताच्या गुणाचं नव्हे," असं म्हणून थोरल्या डॉक्टरांनी तपासणी समितीच्या बाईंसमोर ऐसपैस पाय पसरले. रुग्णालयात त्यांना पाठीमागे 'संस्थानिक' म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्यांच्या रुग्णाला दुसऱ्या डॉक्टरने हात लावायचा नाही, त्यांनी लिहिलेली गोळी कुणी बदलायची नाही आणि "का?" हा प्रश्न वॉर्डाबाहेर चपलांशेजारी काढून ठेवायचा, असा तिथला कारभार होता.

समितीच्या बाई स्वतः डॉक्टर होत्या, त्यामुळे डगमगल्या नाहीत. "सर, यापुढे तुमच्या प्रत्येक औषधावर दुसऱ्या डॉक्टरची सही लागावी, असा प्रस्ताव होता."

"माझ्यावर दुसऱ्याची सही? त्यापेक्षा घरी बसतो!"

"अहो, 'होता' म्हटलं मी. मागच्या महिन्यात एक आठवडा तुमचे रुग्ण इतके झपाट्याने सुधारले की समिती चाट पडली. निम्मी औषधं बंद केलीत, सिस्टरांना विचारलंत, खाटेवर बसून रुग्णांशी बोललात. असंच चालणार असेल, तर सही नको."

डॉक्टरांनी पसरलेले पाय आवरून घेतले. तो अख्खा आठवडा ते कंबर धरून घरी पडले होते. बायको शेक देऊन देऊन वैतागली होती. "मग तो कोण?" हे शब्द अगदी ओठांवर आले, पण विचारलं असतं तर सही मानगुटीवर बसली असती.

"मीच तो," ते म्हणाले. आवाज जरा चिरकला.

बाई जाताच त्यांनी वॉर्डाच्या मोठ्या सिस्टरना गाठलं. "मी रजेवर असताना इथे कोण येत होतं?"

"थट्टा करताय होय सर? तुम्हीच की! हाच कोट, हाच चष्मा. हात तेवढे गार असायचे." सिस्टरनी आवाज खाली आणला. "आणि दारातून येताना कधी दिसला नाहीत. बघावं तर आत. ओरडलाही नाहीत एकदा. आम्हाला त्याचीच जास्त भीती वाटली."

दुसऱ्या दिवशी समितीच्या बाई राउंड बघायला हजर. आता आली का पंचाईत! ज्याला कधी पाहिलं नाही, त्याची नक्कल करायची. डॉक्टर खिडकीजवळच्या खाटेवर अवघडून बसले.

"काय आजी, कसं वाटतंय?"

म्हातारीने त्यांना निरखलं. "आज तुम्ही ते नाही वाटत. ते हात धरतात माझा."

बाईंच्या भुवया वर गेल्या. डॉक्टर घाईघाईने हात धरायला वाकले आणि कंबरेत अशी उसण भरली की तिथेच 'आई गं!' करून आडवे झाले. चौघांनी मिळून संस्थानिकांना शेजारच्या रिकाम्या खाटेवर हलवलं. तशाही अवस्थेत त्यांनी स्वतःसाठी दोन इंजेक्शनं फर्मावली.

"आता राउंड कोण घेणार?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही! माझ्या रुग्णांना कुणी हात लावायचा नाही!" डॉक्टर पडल्या पडल्या गरजले.

सिस्टरनी शांतपणे त्यांच्या खाटेभोवती पडदा ओढला. "पडून राहा, सर. तुम्ही याल की इतक्यात."

भर दुपारची वेळ, बाहेर लख्ख ऊन. पण वॉर्ड एकदम गप्प झाला. मग पलीकडून एक आवाज आला. डॉक्टरांचा स्वतःचाच. कुणाची झोप, कुणाची भूक, कुणाच्या घरची खुशाली विचारत तो खाटेमागून खाट पुढे सरकत होता. आजी खुदकन हसली. "आज उशीर केलात," ती म्हणाली.

पडदा हलला. कोट तोच, चष्मा तोच. ते जे कुणी होतं ते खाटेच्या कडेला बसलं, पण गादी जरासुद्धा दबली नाही. गार हात डॉक्टरांच्या हातावर आला. त्यांना दरदरून घाम फुटला. पडद्याखाली समितीच्या बाईंचे बूट दिसत होते. एक हाक मारली असती तर सुटका होती. पण मग सहीसुद्धा होती.

"इंजेक्शनं नकोत, असं मला वाटतं," तो म्हणाला. "तुम्हाला काय वाटतं?"

इतक्या वर्षांच्या डॉक्टरकीत त्यांनी हा प्रश्न एकाही रुग्णाला विचारला नव्हता. आता तो त्यांनाच कुणीतरी विचारत होतं. भीती होतीच, पण तो हात सुटू नये असंही वाटलं.

"तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर," ते हळूच म्हणाले.