कोपऱ्यातला दिवा

श्रीमंत लोक कलावंताला माणूस समजत नाहीत, घरातली वस्तू समजतात, हे आज त्यांच्याच दिवाणखान्यात सिद्ध करून दाखवते, असं धाकटीने सकाळी चहा पिताना जाहीर केलं.

"आणि सिद्ध झालं तर?" थोरल्या बहिणीने विचारलं.

"तर त्यांना लाज वाटेल."

"आणि नाही वाटली तर?"

कलेत एवढा पुढचा विचार करत नाहीत, असं म्हणून धाकटी निघाली. जायचा पत्ता तिने घरी सांगितला; सोंग काय घेणार, ते मात्र नाही.

तिचा प्रयोग तसा सोपा होता. डोक्यावर रेशमी लॅम्पशेड, हातात पेटलेला विजेचा दिवा, आणि भिंतीला टेकून नुसतं उभं राहायचं. हलायचं नाही. पाहुण्यांपैकी कोणीतरी चमकून "तुम्ही कोण?" असं विचारेल, त्या क्षणी प्रयोग संपेल. घराच्या मालकांनी फोनवर लगेच होकार दिला होता. किती वेळ उभ्या राहाल, एवढंही विचारलं नव्हतं. तिथेच तिने सावध व्हायला हवं होतं.

दुपारी पाहुणे आले. जाड पडदे ओढलेले, त्यामुळे खोलीत उजेड होता तो धाकटीचाच. एका गृहस्थांनी तिच्यासमोर उभं राहून चष्मा पुसला, काचा उजेडात धरून पाहिल्या. एका बाईंनी तिच्या मोकळ्या हातात रिकामा पेला ठेवला. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं, पण खुर्चीकडे पाहावं तसं.

मग मोलकरीण आली. तिने फडक्याने धाकटीचे खांदे पुसले, कानांमागून बोट फिरवलं आणि पापण्यांवर हलकेच फुंकर मारली.

"पापण्या मिटून घ्यायच्या," शेजारून कोणीतरी पुटपुटलं. "धूळ जाते."

शेजारी तर फक्त कोट अडकवायचा स्टँड होता. धाकटीने नजर तिरकी केली. कोटांच्या फटीतून दोन डोळे तिच्याकडे बघत होते.

"तुमचाही प्रयोग?" तिने ओठ न हलवता विचारलं.

"हो. कलावंताच्या खांद्यावर समाजाचं ओझं, असा विषय आहे. मलाही कोणी विचारेपर्यंतच थांबायचंय. पहिल्याच दिवशी विचारतील असं वाटलं होतं."

"मग आज कितवा दिवस?"

कोट किंचित वर होऊन खाली आले. "कोट जाड झाले की थंडी आली, एवढं कळतं."

"आणि जेवणाचं काय?"

"पाहुण्यांचं उरतं ना. तशी तक्रार नाही. कलावंतांना फार जपतात इथे."

"अहो, मग निघून का जात नाही?"

"प्रयोग अर्धवट टाकून?" त्याला ते लागलं असावं. "सवय होते हो. आता तुमचे गुडघे दुखत असतील. पुढे ते कळेनासे होतात."

धाकटीने गुडघ्यांकडे लक्ष दिलं. ते कळत नव्हते.

संध्याकाळ झाली तरी बहीण घरी येईना, म्हणून थोरली तिला शोधत थेट दिवाणखान्यात शिरली. इकडेतिकडे पाहिलं, धाकटीच्या समोर आली आणि घाम पुसायला म्हणून आपली पर्स तिच्याच मनगटाला अडकवली.

"माझी बहीण इथे आली होती," ती मालकीणबाईंना म्हणाली.

"इथे? नाही हो. कोणीच नाही आलं."

थोरलीने पर्स काढून घेतली. जाताना ती धाकटीच्या तोंडाकडे सरळ बघत होती.

"ताई," धाकटी म्हणाली. आवाज जुन्या बल्बच्या तारेसारखा करकरत आला. "ताई, मी इथे."

थोरली गर्रकन वळली. मालकीणबाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, बोलणारा कशाला घेतलात? मी साधा सांगितला होता."

थोरलीने शेड उतरवली, दिव्याची वायर उपटली आणि बहिणीला धरून ओढलं. पाय सुटायला वेळ लागला. खोलीत काळोख झाला.

"दिवे गेले वाटतं," कोणीतरी म्हणालं, आणि अंधारात गप्पा तशाच पुढे चालू राहिल्या.

दारापाशी धाकटी थबकली. इतका वेळ शेजारी उभं राहून तिने त्या माणसाच्या जेवणाचीसुद्धा चौकशी केली होती. तो कोण, हे तिनेही विचारलं नव्हतं. ती चाचपडत मागे गेली आणि कोट बाजूला सारले.

"तुम्ही कोण?"

अंधारात त्याने मोठा श्वास घेतला.

"थांबा हं," मग तो ओशाळून म्हणाला. "आत्ता ओठांवर होतं."